भरणाऱ्याचं नाव

ऑगस्टमध्ये ते येतात. बोटीतून उतरून
सरळ माझ्या टेबलापाशी.
काखेत प्लास्टिकची पिशवी, पिशवीत घडीचा कागद,
कागदावर पणज्याचं चुकीचं नाव.
मी आधी कॉफी देते.

ऑर्व्हिल ब्रेक्के, वय एकोणऐंशी, मिनेसोटा.
जन्मभर धान्याच्या कोठारावर वजनं लिहिली, म्हणाला.
म्हणजे माझ्याच पंथाचा.
त्याला सांगितलं, ब्रेक्के म्हणजे चढण.
चर्चमागे दिसते ना, तीच. तिच्यावर एक शेत होतं,
शेतावर राहील त्याला शेताचं नाव.
शेत सुटलं, नाव तेवढं बोटीत चढलं.
तो खिडकीतून बराच वेळ
आपल्या आडनावाकडे बघत राहिला.
त्यावर मेंढ्या चरत होत्या.

मग नोंदवही. ती मी हातमोज्यांशिवाय उघडते,
बिशपच्या कचेरीला हे माहीत नाही.
जुन्या वळणाची काटेरी अक्षरं,
त्याला एकही लागेना. मी बोट ठेवून वाचत गेले :
राग्ना ओल्सदात्तर, विधवा, छातीचा विकार,
मृत्यू फेब्रुवारी १९०४, दफन एप्रिल.
"मधले दोन महिने?"
जमीन गोठलेली, म्हटलं. थांबावं लागतं.
मुलगे दोन. एक समुद्रात, एक अमेरिकेत.

"तो अमेरिकेतला निल्स!" ऑर्व्हिल खुलला. "माझा पणजा.
आईच्या कबरीसाठी न चुकता डॉलर पाठवायचा.
आमच्याकडे दर नाताळात ही गोष्ट सांगतात."

कबरीला भाडं असतं इथे.
या बेटावर दगड मुबलक, माती मोजकी.
भाडं थकलं की जागा दुसऱ्याला.
त्याची वही वेगळी, हिरव्या पुठ्ठ्याची, खालच्या खणात.
मी ती आदल्या संध्याकाळीच पाहिली होती.

रांग तीन, जागा सतरा.
१९०९, चार क्रोनर. १९१४, चार. १९१९, सहा.
अशी १९३९ पर्यंत, एकही हप्ता चुकलेला नाही.
आणि भरणाऱ्याच्या रकान्यात दर वेळी तीच सही,
दर वेळी थोडी अधिक कापरी :
सिन्नोवे हाउगे, जाळी विणणारी.
निल्स कुठेच नाही.

त्याला अक्षर लागत नव्हतं.
मी "निल्स" म्हटलं असतं तर निल्सच झालं असतं.
पण जन्मभर वजनं लिहिलेल्या माणसासमोर
काटा मारायचा?
होतं तसं वाचलं.

तो रिकाम्या पिशवीची घडी घालत बसला.
घातली, मोडली, पुन्हा घातली.
"कोण होती ही?"
ते रकान्यात नाही. बहीण नाही, सून नाही,
शेजारीण म्हणावं तर घर फियोर्डपलीकडे.
बाप्तिस्म्याच्या वहीत, लग्नांच्या वहीत
दोघी एका पानावर कधीच येत नाहीत.
फक्त इथे. आणि मग १९४२, शेवटची ओळ :
जागा सतरा पुन्हा उघडली. सिन्नोवे हाउगे.
तिच्याच इच्छेनुसार.

चढताना तो दोनदा थांबला, गुडघा धरून.
"माझंच आडनाव मला चढवेना," म्हणाला.
दगडावर एकच नाव.
खाली दुसरं असेल म्हणून
त्यानं किल्लीनं शेवाळ खरवडलं.
नव्हतं.
फुलं त्यानं राग्नासाठी आणली होती. ठेवली.

"आता कोण भरतं?"
कुणी नाही. पंधरा वर्षं थकलंय.
थकबाकीची यादी दर वसंतात मीच करते,
आणि सतराचा आकडा दर वसंतात
माझ्या हातून राहून जातो.

कचेरीत परतून मी पावती पुढे केली.
नव्या छापील फॉर्मात एक रकाना जास्त आहे :
मृताशी नातं.
त्यानं पेन उचललं, कागदाच्या वर धरून ठेवलं.
धक्क्यावर बोटीनं पहिला भोंगा दिला.
मग त्यानं काहीतरी लिहिलं, बारीक, घाईघाईनं,
नोटा मोजल्या आणि गेला.

त्याचं अक्षर मला अजून लागलेलं नाही.
पावती हिरव्या वहीत चिकटवली आहे.